कामावर जखम झाली तर भरपाई कशी मागायची?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन एप्रिल २००३ मध्ये कामावर निघाला होता. त्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११. कारखाना साधारण ५ किलोमीटर उरला असताना रस्त्यात अपघात झाला आणि तो गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि वर १२ टक्के व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि तिथे निकाल फिरला. माणूस कामाच्या ठिकाणी पोहोचलाच नव्हता, तर अपघात कामावरचा कसा, असा मुद्दा होता. शेवटी २९ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. अपघाताला तेव्हा २२ वर्षं उलटून गेली होती.

त्यानंतर चारच महिन्यांत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा कायदा हे दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. जुन्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याने चालतात, कारण हक्क ठरतो तो अपघाताच्या तारखेला. नव्या संहितेतली भरपाईची चौकट बरीचशी जुनीच आहे. आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आला, एवढंच नावात बदललं. कामगारांच्या तोंडी ‘आयुक्त’ आणि ‘लेबर कोर्ट’ हेच शब्द आहेत, म्हणून पुढे तेच वापरतो. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त म्हणून हे दावे ऐकत आले आहेत.

चूक कोणाची, हे विचारायचंच नसतं

चाकणला किंवा वाळूजला पॉवर प्रेसवर बोट गेलेल्या माणसाशी बोला. पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच ऐकू येतं: “माझंच लक्ष नव्हतं.” सुपरवायझरनेही तेच सांगितलेलं असतं आणि माणूस त्यावर विश्वास ठेवून गप्प बसतो.

या कायद्याचा पाया वेगळा आहे. मशीनचा बेल्ट तुटला तर मालक तो बदलतो आणि खर्च धंद्याच्या हिशेबात धरतो. बेल्ट कोणाच्या चुकीने तुटला, यावर त्याचा खर्च थांबत नाही. कामगाराच्या शरीराचं नुकसानही धंद्याच्याच खर्चात धरायचं, असं कायदा सांगतो. त्यामुळे मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही आणि कामगाराचा साधा निष्काळजीपणा आडवा येत नाही. दोनच गोष्टी दाखवायच्या असतात. तुम्ही त्याचे कर्मचारी होता, आणि जखम कामामुळे, काम करताना झाली.

याला अपवाद मोजके आहेत. तीन दिवसांत बरी होणारी जखम यात बसत नाही. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या नशेत होता आणि त्यातूनच अपघात झाला, त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं, तर मालक सुटू शकतो. मात्र मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर हे बचावही चालत नाहीत.

‘जाणूनबुजून’ या शब्दावर बरीच भांडणं होतात. उत्पादन वाढावं म्हणून प्रेसचा गार्ड किंवा सेन्सर कंपनीच काढून ठेवते आणि अपघात झाला की ‘यानेच काढला’ असं लिहून देते. कामगाराने मुद्दाम केलं हे मालकाने सिद्ध करायचं असतं. अशा वेळी त्याच मशीनवर दुसऱ्या पाळीत काम करणाऱ्याची साक्ष फार मोलाची ठरते.

आधी ईएसआय आहे का, ते बघा

वकिलाकडे जाण्याआधी पगाराची स्लिप काढा. ईएसआयची कपात दिसते का? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या बहुतेक आस्थापनांत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना हा विमा लागू असतो. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराकडून कापले जातात, ३.२५ टक्के मालक भरतो.

विमा लागू असेल तर कामावरच्या अपघाताचे पैसे ईएसआय महामंडळाकडून मिळतात आणि मालकाविरुद्ध भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. दोन्हींपैकी जास्त पैसे देणारं निवडू, अशी सोयच नाही. वकिलाने हे न पाहता लेबर कोर्टात दावा टाकला तर दोन-तीन वर्षांनी तो याच मुद्द्यावर बाद होतो.

ईएसआय हा काही कमी प्रतीचा मार्ग नाही. कामावर जाता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के लाभ मिळतो. जुन्या भरपाई कायद्यात तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरा दिवसांना मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्माच पगार मिळतो. कायमचं अपंगत्व राहिलं तर ईएसआयचं मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. बोर्डाने टक्के कमी दिले असं वाटलं तर अपील करता येतं. वकिलाची गरज पडते ती बहुधा इथेच.

मालकाने वर्गणी भरलीच नसेल तर? ती वसूल करणं महामंडळाचं काम आहे. मालकाच्या थकबाकीसाठी कामगाराचा लाभ अडवता येत नाही.

पहिल्या आठवड्यातले कागद

माझ्या मते अशा केसचा निकाल बराचसा पहिल्या सात-आठ दिवसांत ठरून जातो, आणि त्या दिवसांत वकील चित्रातही नसतो. कामगार दवाखान्यात पडलेला असतो आणि कागद दुसरेच लोक करत असतात.

सुरुवात दवाखान्याच्या केसपेपरवरून होते. डॉक्टर विचारतात, कसं झालं? सोबत आलेला कंपनीचा माणूस सांगतो, ‘घरी पडला’ किंवा ‘गाडीवरून घसरला’. ते लिहिलं जातं आणि पुढे प्रत्येक तारखेला कामगाराच्या समोर येतं. शुद्धीवर असाल तर स्वतः सांगा: अमुक कंपनीत, अमुक मशीनवर, इतक्या वाजता. बेशुद्ध असाल तर हे घरच्यांनी सांगायचं. सरकारी दवाखान्यात ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, अशी नोंद करायला लावा. जखम गंभीर असेल तर पोलीस ठाण्यात जबाब द्या आणि त्याची प्रत मागा.

नोकरीचा पुरावाही याच दिवसांत गोळा करावा लागतो. नेमणूकपत्र बहुतेकांकडे नसतंच. पण गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, पीएफचा मेसेज, सुपरवायझरने ‘उद्या फर्स्ट शिफ्टला ये’ असा पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप, गणवेशातला फोटो, हजेरीच्या वहीचं पान, यातलं काहीही चालतं. अपघातानंतर गेटपास परत घेतात, म्हणून त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

मालकाला अपघाताची लेखी सूचना शक्य तितक्या लवकर द्यायची असते. साध्या कागदावर नाव, तारीख, वेळ, जागा आणि जखम लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवली तरी पुरते. सूचना राहून गेली पण मालकाला अपघात दुसऱ्या मार्गाने कळला होता, तरी दावा बुडत नाही. दावा मात्र दोन वर्षांच्या आत दाखल करायचा. उशीर झाला आणि कारण सबळ असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नका.

“शेठनी दवाखान्याचं सगळं बिल भरलं, आता आणखी काय मागायचं?”

हा संकोच खरा आहे आणि छोट्या कारखान्यांत तो फार दिसतो. मालकही कधीकधी मनापासून धावपळ करतो. पण २००९ च्या दुरुस्तीपासून उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणं हे मालकाचं वेगळं कायदेशीर कर्तव्य आहे. तो भरपाईतून वजा करता येत नाही.

मग सही मागितली जाते. “पन्नास हजार घे, मिटवून टाकू.” तडजोड करायला कायद्याची ना नाही. पण भरपाईचा करार आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंद न केलेल्या कागदाने मालक पूर्ण रकमेतून सुटत नाही. ‘यापुढे कोणताही हक्क मागणार नाही’ असं नोकरीला लागतानाच लिहून घेतलेलं असेल तर त्यालाही कायद्यात किंमत नाही. तरी कोऱ्या कागदावर सही करू नका. नंतर त्यावर काय लिहिलं जाईल आणि ते खोटं ठरवायला किती तारखा लागतील, हे सांगता येत नाही.

रक्कम कशी निघते?

सूत्र सोपं आहे. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. मृत्यू झाला तर ५० टक्के गुणिले तोच गुणक. गुणक कायद्याच्या तक्त्यात दिलेला असतो आणि वय वाढेल तसा तो घटतो. २५ व्या वर्षी २१६.९१, ३० व्या वर्षी २०७.९८, ४० व्या वर्षी १८४.१७, ५० व्या वर्षी १५३.०९.

पगार कितीही असला तरी हिशेबात एका मर्यादेपर्यंतच धरतात. जुन्या कायद्याखाली जानेवारी २०२० पासून ती मर्यादा १५,००० रुपये होती. ही मर्यादा केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ठरते. म्हणून वकिलाला थेट विचारा, ‘माझ्या अपघाताच्या तारखेला कोणती अधिसूचना लागू होती?’

समजा ३० वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला. जखमांच्या वेगळ्या तक्त्यात अंगठ्याला ३० टक्के आहेत. पगार १५,००० धरला तर ९,००० गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०, आणि त्याचे ३० टक्के ५,६१,५४६ रुपये. आता मालक म्हणाला, “पगार ९,०००च होता, बाकी ओव्हरटाइम.” तेवढ्याने रक्कम ३,३६,९२८ वर येते. रोख पगार घेणाऱ्याचे सव्वादोन लाख असे एका वाक्यात जातात, म्हणून बँकेच्या नोंदी जपायच्या.

तक्त्यातले टक्के हा शेवटचा शब्द नव्हे

चार बोटं गेली तर ५० टक्के, तीन गेली तर ३०, दोन गेली तर २०, एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. हे आकडे वाचून बरेच जण, आणि काही वकीलही, तिथेच थांबतात.

डिसेंबर १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर एका सुताराची केस आली होती. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. मालकाचं म्हणणं, एक हात शाबूत आहे, मग संपूर्ण अपंगत्व कसलं? कोर्टाने ते मानलं नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, त्यामुळे हा माणूस ज्या कामावर जगत होता त्या कामापुरता शंभर टक्के अपंग आहे, असा निकाल दिला. आजही लेबर कोर्टात या निकालाचा आधार घेतला जातो.

याचा अर्थ, शरीराचं अपंगत्व आणि कमाईची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर पहिली मोजतात, दावा दुसरीवर उभा असतो. ड्रायव्हरचा पाय आखडला तर डॉक्टर २५ टक्के लिहितील, पण त्याचं जड वाहन चालवणं कायमचं बंद झालं असेल. कामगार आधी नेमकं काय काम करत होता आणि आता काय करू शकत नाही, हे साक्षीतून आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारून वकिलाने पुढे आणायचं असतं. माझ्या मते वकिलाने फी कमवावी ती या कामात. अर्ज भरून देणं कोणीही करतो.

“मी कंपनीचा नाही, ठेकेदाराचा माणूस आहे”

एमआयडीसीत आणि बांधकामावर हे उत्तर ठरलेलं असतं. कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदाराचा फोन बंद येतो. कायद्याने याची सोय आधीच केली आहे. जे काम कंपनीच्या धंद्याचाच भाग आहे ते ठेकेदारामार्फत करून घेतलं आणि अपघात त्या कामाच्या जागी झाला, तर भरपाई मूळ कंपनीकडून मागता येते. कंपनीने नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणून दाव्यात ठेकेदार, मूळ कंपनी आणि कोणी पॉलिसी काढली असेल तर विमा कंपनी, अशा तिघांनाही सामनेवाले करायचं. एकाचं जरी नाव राहिलं तरी पुढे ते जोडण्यात वर्ष जातं.

बांधकाम कामगाराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल तर तिथली मदत वेगळी. ती घेतली म्हणून भरपाईचा दावा कमी होत नाही.

“मी तर आता गावी आलोय”

अपघात भिवंडीत झाला, पण हात गेल्यावर खोलीचं भाडं परवडेना म्हणून माणूस जालन्याला किंवा बिहारला घरी गेला. दावा भिवंडीतच लावायची सक्ती नाही. अपघाताची जागा, कामगार किंवा त्याचे वारस राहतात ती जागा, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. साक्षीदार कुठे आहेत ते पाहून ठरवा.

जाता-येताना झालेल्या अपघाताचं उत्तरही आता स्पष्ट आहे. घरून कामावर किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात कामावरचाच धरतात, मात्र वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. पाळी सुटल्यावर मित्राच्या लग्नाला गेलात आणि मध्यरात्री परतताना पडलात, तर ते यात बसणार नाही.

अपघात वाहनाचा असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण हाही मार्ग असतो. तिथे पगाराची मर्यादा नाही, पण समोरच्याची चूक दाखवावी लागते. दोन्हींपैकी एकच निवडता येतं, आणि निवड करायची ती दोन्ही आकडे कागदावर मांडूनच.

वकील परवडत नाही, हे कारण अडवत नाही

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, उत्पन्न न पाहता. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांनाही मिळतो. म्हणजे अपघातात नवरा गेलेली बाई असो की हात गेलेला कामगार, दोघंही यात बसतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे. कामगाराने लेखी अधिकार दिला तर नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही त्याच्या वतीने उभा राहू शकतो.

खासगी वकील केलात तर एक गोष्ट पक्की माहीत हवी. मिळालेल्या रकमेत टक्केवारी मागणं भारतात वकिलांना वर्ज्य आहे. बार कौन्सिलच्या नियमांत तसं लिहिलं आहे. तरी दवाखान्याच्या दारात भेटणारा एजंट ‘आधी काही देऊ नका, नंतर तीस टक्के’ असं सांगतो, आणि खिशात पैसे नसलेल्या माणसाला ते बरंही वाटतं. फी ठरवून, लिहून घ्या. मूळ कागद स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्या. सही केलेला कोरा चेक कोणाला देऊ नका.

“केस केली तर नोकरी जाईल”

ही भीती खोटी म्हणता येणार नाही. ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हे खरं. ठेकेदाराच्या माणसाला मात्र कोणी ‘काढत’ नाही, पुढच्या महिन्यात फक्त बोलावत नाहीत. म्हणून काही वकील आधी नोटीस पाठवून बोलणी करतात आणि दावा नंतर लावतात. हा मार्ग वाईट नाही, फक्त दोन वर्षांची मुदत डोळ्यांसमोर हवी.

निकाल लागला, पुढे काय?

कायद्याने तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात. त्या उशिराची किंमत मालकाला मोजायला लावण्यासाठी व्याजाची तरतूद आहे. रक्कम अपघाताच्या दिवशीच देय होते, महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. वरच्या अंगठ्याच्या उदाहरणात ते वर्षाला ६७,००० रुपयांच्या वर जातं. सबळ कारण नसताना टाळाटाळ केली तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो, आणि तो विमा कंपनीवर ढकलता येत नाही. वकिलाने अर्जात दंड मागितला आहे का, ते सही करण्याआधी वाचून बघा.

मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं असेल तर मंजूर रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते, आणि अपीलही कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालतं. पैसे दिलेच नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, म्हणजे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं.

मृत्यूच्या केसमध्ये भरपाई मालकाने विधवेच्या हातात परस्पर द्यायची नसते, ती आयुक्तांकडेच जमा करायची असते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वारसांना देता येते, आणि तेवढीच वळती होते. बाकीची वाटणी आयुक्त करतात: बायकोला किती, आईला किती, अज्ञान मुलांच्या नावे बँकेत किती ठेवायचे. सासरच्यांनी किंवा दिराने परस्पर सही करून पैसे उचलू नयेत, यासाठी ही तरतूद आहे. म्हणून वारसांच्या अर्जात विधवेचं आणि प्रत्येक मुलाचं नाव वयासकट आलं आहे ना, हे अर्ज दाखल करतानाच तपासायचं.